नवरीगाडीचे तीन एसी

२० एप्रिल, रविवार

बसची खरी किंमत इथं लिहून ठेवतो, कारण लोकांना मी वेगळी सांगतो. लोकांना सांगतो चार लाख. खरी किंमत म्हणजे चार लाख, दारातलं लिंबोणीचं झाड आणि प्रेमलाचं बोलणं. बस आत घेताना झाड आडवं येत होतं म्हणून तोडलं, आणि झाड तोडलं म्हणून बायकोचं बोलणं बंद झालं. पैसे परत मिळतील, प्रेमलाही कधीतरी बोलेल. लिंबं मात्र आता बाजारातनं आणावी लागणार.

बस अकलूजकडच्या एका शाळेची होती. पिवळा रंग खरवडून गुलाबी दिला. सीटा काढून टाकल्या. आत मोठा आरसा, त्याच्या कडेने बल्ब, फिरती खुर्ची, साडी नेसायला पडदा. बाहेर दोन्ही बाजूंना नाव रंगवलं: ‘नवरीगाडी’. आणि टपावर, मागच्या बाजूला नि कडेला मिळून तीन एसी. उर्वीने एकच मागितला होता.

ही सगळी खटपट उर्वीसाठी. लेक नवरीमुलींचा मेकअप करते. हात असा की नवरीची आईसुद्धा ओळखताना क्षणभर थांबते. पण आपल्याकडची लग्नं सगळी भर उन्हाळ्यात. “अप्पा, सोलापुरात मे महिन्यात मेकअप करणं म्हणजे तव्यावर रांगोळी काढणं,” असं म्हणते. आता पुण्याच्या एका मोठ्या पार्लरने तिला बोलावलंय. दहा मेपर्यंत कळवायचं आहे. ती गेली तर घरात उरणार मी, प्रेमला आणि प्रेमलाचं न बोलणं.

म्हणून मी तिला म्हटलं, थंड खोली पाहिजे ना तुला? चाकावरची देतो. सात मेला टेंभुर्णीच्या बापूसाहेबांच्या लेकीचं, पूनमचं लग्न आहे, शेतातल्या मांडवात. नवरीचं काम आपल्या गाडीत कर. जमलं तर राहा, नाही जमलं तर मीच तुला पुण्याच्या गाडीत बसवून देतो.

“एक एसी पुरे हो अप्पा,” ती म्हणाली.

एकावर भागवणारा माणूस सातवीतून शाळा सोडून मंडपवाला होत नसतो.

२२ एप्रिल

घरच्या लाइनवर तिन्ही एसी लावून बघितले. गल्लीची लाइट गेली. शेजारच्या निंगव्वा काकू हातात पंखा घेऊन दारात. “येन माडिदी रे सिद्रामप्पा?” काय केलंस म्हणून. मी म्हटलं, वरनंच गेली, अव्वा. वरनं म्हणजे बसच्या टपावरनं, हे तिने विचारलं नाही.

२४ एप्रिल

गुरुबसप्पाकडून पेट्रोलवरचं जनरेटर घेतलं. दोघांनी उचललं की कुठंही नेता येतं. गुरुबसप्पा जुनी मशिनं विकतो, आणि मशिनांपेक्षा जास्त आवाज स्वतः करतो.

“तीन एसी ना? अरे, ह्याच्यावर अख्खं अक्कलकोट चालंल की!”

“अक्कलकोट राहू दे. माझी बस चालू दे.”

त्याने दोरी ओढली, मी कान लावला. ह्या कानावर मी आयुष्य काढलंय. तरुणपणी चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे मागांची देखरेख आणि दुरुस्ती माझ्याकडे. शेडमध्ये सगळे माग खडखडत असायचे, शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि मी दारात उभा राहून सांगायचो, तिकडच्या कोपऱ्यातला धोटा अडकतोय. जाऊन बघावं तर अडकतच असायचा. मालक पाहुण्यांना आणून माझ्यावर पैजा लावायचे. लाइट जाऊन परत आली की सगळी शेड माझ्या हाताकडे बघायची. मी हात वर केला की पहिला माग सुरू. तो सुरात आला की दुसरा, मग तिसरा. एकदम लावले तर मेन फ्यूज उडायचा, त्याच्यामागे मालक. कुठला माग सुरात आला हे फक्त माझ्या कानाला कळायचं. असा कान आहे. मशीन ह्या कानाला फसवू शकत नाही.

जनरेटरचा सूर स्वच्छ निघाला. गुरुबसप्पा आणखी काही सांगायला लागला, “फक्त तीन एसी लावताना एक ध्यानात...” मी हात वर केला. जॉबरला शिकवू नको म्हटलं. त्याची एवढी एकच गोष्ट ऐकून घेतली: टेम्पोतून किंवा बसमधून नेताना पेट्रोलचा कॉक बंद ठेवायचा, नाहीतर पेट्रोल सांडतं. कॉक बंद करूनही दाखवला. मशीन लगेच थांबलं नाही. नळीतलं, पोटातलं उरलंसुरलं पीत राहिलं, आमचा चहा झाला, मग थांबलं.

“म्हशीसारखं हाय बघ,” गुरुबसप्पा म्हणाला. “हाकललं तरी तोंडातला घास संपवूनच उठतंय.”

२७ एप्रिल, रविवार

आज उद्घाटन. तिन्ही एसींना मिळून एकच मोठा लाल खटका बसवला आहे. एक खटका दाबला की तिन्ही चालू. बघणाऱ्यावर छाप पडते.

नारळ फोडला. प्रेमला ताट घेऊन आली आणि न बोलता ओवाळलं, बसला. मी शेजारीच उभा होतो. उर्वी आत फिरत्या खुर्चीत बसली. जनरेटर सुरू केलं, सूर छान लागला, खटका दाबला.

जनरेटर म्हणालं “घुर्र्र”, मग म्हणालं “खॉक”, मग प्रेमलाच्या पक्षात गेलं.

परत सुरू केलं. परत घुर्र्र, खॉक.

“अप्पा, तिन्ही एकदम कशाला लावताय?” उर्वी आतून ओरडली.

“खटका एकच आहे म्हणून!” मी बाहेरून ओरडलो.

निष्कर्ष: नारळ नासका होता.

२९ एप्रिल

पेट्रोल बदललं. प्लग बदलला. जनरेटरचं तोंड पूर्वेला केलं. घुर्र्र, खॉक. तोंड परत पश्चिमेला केलं. गुरुबसप्पा फोन उचलत नाही, म्हणजे त्याला सगळं माहीत आहे.

बापूसाहेबांचा फोन आला. “अप्पा, आमच्यातल्या बायका इचारत्यात, तुमच्या गाडीत गारवा कितपत आसतोय?”

“शाली आणायला सांगा,” मी म्हटलं. फोन ठेवून घाम पुसला.

उर्वीच्या खोलीत दोरीवर तिची प्रवासाची बॅग वाळत घातलेली दिसली. बॅग काय कुणीही धुतो. पण ही आजच का धुतली?

१ मे

आज सगळं जमलं! आणि जमलं ते कसं, ते लिहून ठेवायलाच हवं.

दुपारी जेवायला बसलो होतो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. मी घासच गिळत नव्हतो. तेवढ्यात प्रेमलाने, झाड पडल्यापासून पहिल्यांदा, तोंड उघडलं.

“कारखान्यात सगळे माग एकदम लावायचा का हो तुम्ही?”

“मागाचं इथं काय?”

“काही नाही. चटणी घ्या.”

मी ताटावरून उठलो, हात धुवायला नळापाशी गेलो, आणि नळ सोडता सोडता मला एकदम सुचलं. मला अशाच कल्पना येतात, कुणी न सांगता. एसी म्हणजे शेवटी मागच! सुरू होताना प्रत्येकजण जास्त दम मागतो, सुरात आला की थोडक्यावर चालतो. तिघांनी एकदम दम मागितला तर जनरेटर बिचारं देणार कुठून?

लाल खटका उपटला. तीन वेगळे बसवले. पहिला दाबला. जनरेटरने मान खाली घातली, परत वर काढली. मी कान देऊन उभा. सुरात आल्यावर हात वर केला, उर्वीने दुसरा दाबला. परत मान खाली, परत वर. तिसरा. चालले! तिन्ही चालले! ऊन कलेपर्यंत चालवले. बस अशी गार झाली की निंगव्वा काकू कुरडया वाळत घालायच्या सोडून आत येऊन बसल्या त्या उठेचनात.

मी उर्वीला सगळं समजावून सांगितलं. तिने आईकडे बघितलं, आईने कुरडयांकडे. मायलेकींचं आपसात काहीतरी चाललेलं असतं. प्रेमला पुन्हा बोलायला लागली हे बरं झालं. आनंदाच्या वेळी माणूस गप्प राहूच शकत नाही.

४ मे, रविवार

नवीन अडचण आवाजाची. जनरेटर बसला चिकटून ठेवलं तर आत बोललेलं ऐकू येत नाही. “मी डोळे मिटा म्हटलं तर नवरी तोंड उघडेल,” उर्वी म्हणाली.

सोलापूरचा माणूस थंडीवर, उन्हावर, पाहुण्यावर आणि सत्कारावर चादरच घालतो. मी जनरेटरवर घातली. एक घातली, आवाज थोडा दबला. चार घातल्या, मशीन तान्ह्या बाळासारखं घोरायला लागलं. मी म्हटलं, एवढी वर्षं चादरी विणल्या आपल्या गावाने, पण हा उपयोग कुणाला सुचला नाही.

का सुचला नाही ते थोड्या वेळाने कळलं. आधी वास आला, मग जनरेटर गुदमरून बंद पडलं. वरची मोराची चादर उचलली तर पिसारा तपकिरी.

“माझ्या रुखवतातली होती ती,” प्रेमला म्हणाली. या खेपेला तिने बोलणं बंद केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

आता ठरवलंय, जनरेटर लांब ठेवायचं. लांब केबल घ्यायची. चादर अंगावर घालायची नाही, बांबूला बांधून आडोसा करायचा, वारा खेळता ठेवायचा. मंडपवाल्याला बांबूची कसली कमी?

७ मे

आत्ताच टेंभुर्णीहून आलो. अंगावर अक्षतांचे तांदूळ आहेत, तसेच लिहायला बसलोय. आजचा दिवस शिळा होऊ द्यायचा नाही.

सकाळी प्रेमला, उर्वी नि मी असे तिघं निघताना टाकी काठोकाठ भरली, कॉक बंद केला, जनरेटर मागे बांधलं. बापूसाहेबांच्या शेतात पोचलो तेव्हाच ऊन डोळ्यांत जात होतं. मांडव मोठा. लाइटवाला तिथलाच, बिभीषण नावाचा. टेम्पोवर डिझेलचं हे भलंमोठं मशीन घेऊन उभा. मला बघून आला.

“काका, आमच्यातनंच येक लाइन घ्या की तुमच्या गाडीला. लई दमदार हाय आपलं मशीन. पैशाचं काय न्हाय.”

मी हसलो. मंडपवाल्याने दुसऱ्याच्या मांडवात जाऊन लाइन मागायची? म्हणजे आचाऱ्याने शेजारी जेवायला जायचं! म्हटलं, “आमचं आमच्याजवळ आहे. तुम्ही दिवे सांभाळा.”

बिभीषणच्या टेम्पोच्या पलीकडे विहिरीच्या मोटारीची खोली आहे. तिच्यामागे सावलीत जनरेटर ठेवलं. मोराच्या चादरीचा आडोसा केला. केबल बसपर्यंत आणली. दोरी ओढली, एका दमात सुरू. एक, दोन, तीन, तिन्ही एसी ओळीने सुरात. नवरी पूनम आत गेली. तिच्या मावश्या, माम्या, आत्या आत गेल्या. मी दार लावलं आणि मांडवाच्या गेटवर बापूसाहेबांशेजारी फेटा बांधून बसलो.

थोड्या वेळाने उर्वी बसमधून उतरली. तोंड लाल, कपाळावर घाम. मला न बघता मोटारीच्या खोलीमागे गेली, तिथून बिभीषणकडे. दोघं काहीतरी बोलले. मग बिभीषण केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकून चालला आणि उर्वी त्याच्यामागे. मी हाक मारली.

“काय गं? काही लागतंय?”

“काही नाही अप्पा. तुम्ही बसा. पाहुण्यांकडे बघा.”

“तिन्ही चालू आहेत ना?”

“आता तिन्ही चालू आहेत,” असं म्हणून ती आत गेली. बिचारी घाबरली असणार, पहिलंच मोठं काम. माणूस घाबरला की त्याला घाम येतो, एसीत बसला तरी.

मी कान टवकारून बसलो होतो. सनई, बँडवाले, लेकरांचा गलका, आणि त्या सगळ्याखाली माझ्या जनरेटरचा सूर. घरी वाजतो त्याहून जाड वाजत होता. मोकळ्या शेतात आवाजाला भारदस्तपणा येतो. किंचित अलीकडून, टेम्पोच्या अंगाने आल्यासारखा वाटला, पण वारा आवाज फिरवतोच.

बापूसाहेब म्हणाले, “अप्पा, कौतुक हाय बरं का. येवढुशा डब्यावर तीन-तीन येसी?”

“बापूसाहेब,” मी म्हटलं, “सबंध जिल्ह्यात एवढ्याशा पेट्रोलच्या मशीनवर दिवसभर तीन एसी चालवणारा मी पहिला. आणि मला तिकडे बघावं लागत नाही. हितं बसून कानानं सांगतो. हा बघा, तिसऱ्याचा सूर. मशीन ह्या कानाला फसवूच शकत नाही.”

मागे उभा असलेला बिभीषण म्हणाला, “काका, तुमचं मशीन लईच शांत हाय की. म्या जवळनं गेलो, तर आवाजच न्हाय!”

“चादरीची कमाल,” मी म्हटलं. त्याला चादर बांधायची पद्धत समजावून सांगितली. जातिवंत कारागीर दिसला. मान खाली घालून, ओठ दाबून सगळं ऐकून घेतलं.

आणि पूनम जेव्हा बसमधून उतरली! ऊन असं की बँडवाल्यांच्या कपड्यांचा रंग उतरत होता, पण पोरीच्या चेहऱ्यावर एक थेंब नाही. बापूसाहेब नुसते बघतच राहिले, मग फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसले. पूनमची एक मावशी मात्र उतरायलाच तयार नव्हती. “अक्षता हितंच टाकते, हितनं दिसतंय की समदं,” म्हणे. शेवटी दोघींनी ओढून काढली. माझी उर्वी दाराशी उभी होती, हातात ब्रश, आणि बायका तिच्याभोवती अशा जमल्या होत्या की जेवणाची पंगत मागे पडली. बार्शीच्या एकीने तिथंच तिच्या मुलीचं काम ठरवलं. मी लांबूनच बघत होतो. हातातली जिलेबी तशीच धरून उभा राहिलो. पाक कोपरापर्यंत ओघळला तेव्हा कळलं.

संध्याकाळी आवराआवर. बिभीषणने दिवे काढायला घेतले, आणि त्याच वेळी आमचं जनरेटरही आपोआप थांबलं. मी अजून हातही लावला नव्हता! काम संपलं हे मशीनलासुद्धा कळतं. जवळ जाऊन बघतो तर चादर गरमसुद्धा झालेली नाही. कॉक बंद करायला हात घातला, तर तो आधीच बंद. उर्वीने केला असणार. शिकतेय पोरगी.

निघताना बिभीषणला म्हटलं, तूही असलं एक छोटं मशीन घेऊन टाक, डिझेलचा खर्च वाचेल. तो “व्हय काका” म्हणाला आणि घाईने टेम्पोमागे गेला.

परत येताना प्रेमला आणि उर्वी मागे बसल्या होत्या. मी म्हटलं, “कसं चाललं जनरेटर?”

“लई छान चाललं हो,” प्रेमला म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आरशात दिसत होतं, दोघींचे खांदे सोलापूर येईपर्यंत हलत होते. बसच्या स्प्रिंगचे पाटे बदलायला हवेत.

८ मे

सकाळी उर्वी गच्चीवर फोनवर बोलत होती. मी खाली बसचे पाटे बघत होतो. ऐकायचं नव्हतं, पण कानांना कोण अडवणार?

“नाही मॅडम, पुण्याला येत नाही,” ती म्हणत होती. “हो, काम आवडलं असतं. पण इथली गाडी चालेल असं वाटतंय. आणि आमच्या अप्पांना एकटं सोडता येत नाही हो. काय सांगू तुम्हाला... नाही, तब्येत ठणठणीत आहे.”

मी तिथंच, बसखाली, डोळे पुसले. हाताला ग्रीस होतं. प्रेमलाने विचारलं, तोंडाला काय लावलंत? मी म्हटलं, मेकअप.

खाली आल्यावर उर्वी माझ्यासमोर बसली. “अप्पा, मी राहते. पण एक अट. पुढच्या कामापासून मशीन मी लावणार, मी बघणार. तुम्ही गेटवर बसायचं, फेटा बांधून. पाहुण्यांशी बोलायचं. ते तुमच्यासारखं कुणाला जमत नाही.”

मी मान्य केलं. पोरीला शिकायची हौस आहे, तर आपण का अडवायचं? म्हटलं, कुठला एसी सुरात आला हे ओळखायला कान लागतो, तो मी हळूहळू तयार करून घेईन तुझा. ती “हो अप्पा” म्हणाली आणि आत जाऊन आईला काहीतरी सांगितलं. आतून दोघींचं हसणं आलं. किती तरी दिवसांनी घरात असं हसणं ऐकलं. जनरेटरने आमचं घर जोडलं.

दुपारी गुरुबसप्पाने फोन उचलला. त्याला सगळं ऐकवलं. “दिवसभर? तिन्ही? एका टाकीत?” असं तीनदा विचारलं. मी म्हटलं, चालवणारा लागतो. तो गप्प झाला. गुरुबसप्पा गप्प झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

९ मे

दारात लिंबोणीचं नवीन रोप लावलं. प्रेमलाने पाणी घातलं.

१० मे

बार्शीचं काम जवळ आलंय. उर्वीचा हात लागायच्या आत निदान पेट्रोल तरी मीच भरून ठेवावं, म्हणून कॅन घेऊन जनरेटरपाशी गेलो. सात तारखेला सकाळी भरलं होतं, त्यानंतर भरलेलंच नाही. झाकण उघडलं.

टाकी काठोकाठ भरलेली आहे.